एकोणचाळीस ओळी गेल्या कुठे

काकांना छापखान्यात सगळे खोडरबर म्हणायचे आणि काकांना त्याचं काही वाटायचं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढल्या. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण सवय काही जायला तयार नव्हती. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावरची सूचना दुरुस्त करून ते एकदा औषधवाल्याला दाखवायला गेले होते. त्यानं हात जोडले, काकांनी ते कौतुकच समजलं.

या माणसाच्या बायकोनं लिहायला बसणं म्हणजे धाडसच. त्यांची बायको पोहायला शिकवायची. तलावावर तिला सगळे बाई म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं होतं. बाईंनी आयुष्यात काकांना एकच पत्र लिहिलं होतं, लग्न ठरल्यावर. काकांनी ते तीनदा वाचलं, लाल शाईनं त्यात अकरा ठिकाणी खुणा केल्या आणि आपल्या उत्तरासोबत परत पाठवून दिलं. आपण किती मन लावून वाचतो हे तिला कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. तिला ते बरोबर कळलं. त्यानंतर बाईंनी त्यांना चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. सामानाची यादीही त्या तोंडी सांगत आणि काकांनी ती लिहून घ्यायची, असा घरातला रिवाज पडला होता.

त्यामुळे बाईंनी तलावावरची नोकरी संपता संपता एक चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली, तेव्हा काकांना धक्का बसला आणि आनंदही झाला. पुस्तिका मोठ्या माणसांसाठी होती. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, पाण्याला घाबरणाऱ्या, पोहण्याचा पोशाख पिशवीत घेऊन तीन-तीन दिवस नुसतं काठावरून परत जाणाऱ्या. बाईंची शेवटची शिकवणी अशाच मंडळींची होती आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पुस्तिका द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं.

फाइल काकांच्या संगणकावर देताना बाईंनी अट घातली.

"काना-मात्रा बघा, वेलांट्या बघा. पण एकही वाक्य कापायचं नाही. एकही."

"नाही कापणार."

"शब्द द्या."

"दिला. आणखी काय स्टँप पेपरवर लिहून देऊ?"

"तुम्ही लिहून दिलंत तर त्यातही खाडाखोड कराल," बाई म्हणाल्या आणि टॉवेल उचलून तलावावर निघून गेल्या.

काकांनी शब्द पाळायचा ठरवला, पण तो पाळताना त्यांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. तिसऱ्याच पानावर एक वाक्य होतं, 'नाकात पाणी गेलं तर जाऊ दे, नाक तुमचंच आहे.' काकांचे हात शिवशिवले. सूचनांच्या पुस्तिकेत असं वाक्य कुणी लिहितं का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, वाक्य परत वाचलं आणि एकटेच हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य काढलं तर पान बरोबर होईल, पण बाई त्यातून निघून जातील. ते तसंच राहायला हवं होतं. इतकंच नव्हे, पुढे छापखान्यात कुणी नवा खोडरबर बसला असेल तर त्याच्याही तावडीतून सुटायला हवं होतं.

त्याची खूण काकांना पस्तीस वर्षं पाठ होती. तपासताना एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं की नको, होता तोच बरा, तर त्या खोडलेल्या शब्दाखाली ठिपक्यांची ओळ द्यायची. ठिपके दिसले की जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, समजायचा, याला हात लावायचा नाही. कागदावर हे पेन्सिलीनं जमतं. पडद्यावर कसं करायचं? काकांनी एक दिवस या कळा दाब, त्या कळा दाब असं करता करता तीन कळा एकदम दाबल्या, आणि निवडलेल्या ओळीखाली बारीक ठिपके उमटले. आजवर संगणकातलं काकांना जे येत होतं ते सगळं सुनेनं शिकवलं होतं. हे मात्र त्यांनी स्वतः शोधलं होतं. त्या तीन कळा त्यांनी डायरीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

आठवडाभरात काकांनी अशा एकोणचाळीस ओळींना ठिपके दिले. वेलांट्या दुरुस्त झाल्या, वाक्यं सगळी शाबूत राहिली. पडद्यावर चौसष्ट पानं होती ती चौसष्टच होती. शुक्रवारी सुनेनं फाइल आपल्या ऑफिसात नेली, तिथून तिची पीडीएफ करून बाईंना तलावाच्या कार्यालयात पाठवली, आणि काका आयुष्यातली सर्वांत अवघड परीक्षा पास झाल्याच्या थाटात रात्री गाढ झोपले.

शनिवारी सकाळी साडेदहाला बाई घरी आल्या. केस ओले, हातात पीडीएफचे छापून घेतलेले कागद. त्यांनी चपला न काढताच कागद काकांपुढे ठेवले.

"शब्द दिला होतात ना?"

"दिला होता. पाळलाही."

"तिसरं पान बघा. नाकाचं वाक्य कुठंय?"

काकांनी तिसरं पान बघितलं. नाकाच्या आधीचं वाक्य होतं, नंतरचं होतं आणि दोन्ही एकमेकांना खेटून असे उभे होते की मध्ये कुणी होतं याचा मागमूस नव्हता.

"सातव्या पानावर पायऱ्यांवर बसायचं लिहिलं होतं, तेही नाही. पंधराव्यावर दोन ओळी गेल्यात. पुढे मी बघितलंच नाही." बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "मलाच कळायला हवं होतं. छापखान्याला दोनच्या आत फाइल द्यायची आहे, नाहीतर त्यांचं यंत्र तीन आठवडे दुसऱ्या कामाला जातं. मी फोन करून सांगते, पुस्तिका रद्द. जे मी लिहिलं नाही ते माझ्या नावानं नको."

"अगं, मी खरंच एक अक्षर..."

"अकरा खुणा केल्या होत्यात तेव्हाही तुमचा हेतू चांगलाच होता," बाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तिका जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. एका पत्रानंतर ही बाई इतकी वर्षं लिहायची थांबली होती. आता पुस्तिकेनंतर थांबली तर पुन्हा सुरू व्हायला दोघांकडे तेवढी वर्षं नव्हती. त्यांनी सुनेला हाक मारली.

सून एका विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर कागदपत्रांच्या पीडीएफच करायची. मुलगा कामासाठी बाहेरगावी असल्यामुळे घरातल्या सगळ्या यंत्रांची मालकी सध्या तिच्याकडे होती. तिनं काकांच्या संगणकावर फाइल उघडली. नाकाचं वाक्य तिथं मजेत बसलेलं होतं. तिनं तिथूनच नवी पीडीएफ काढली. वाक्य गायब, आणि चौसष्ट पानांची बासष्ट झालेली.

"कमाल आहे," सून म्हणाली. "फॉन्टचा घोळ असणार, बाबा. अक्षराचा साचा फाइलसोबत गेला नाही की पीडीएफमध्ये अक्षरं हरवतात. आमच्या ऑफिसात एकदा अख्ख्या पत्रकाचे चौकोन झाले होते."

"इथं चौकोन कुठायत? इथं ओळच नाही."

"बघूया तर."

तिनं फॉन्ट सोबत पाठवायच्या खिडकीत बरोबरची खूण केली. पानं बासष्ट. फॉन्ट बदलून बघितला. पानं बासष्टच. चित्रांच्या मागे मजकूर दडलाय का म्हणून दोन्ही चित्रं काढली, तर पोहणारी बाई आणि शिडी तेवढी गेली, ओळी काही आल्या नाहीत. चित्रं परत लावली. मग सरळ छापायची आज्ञा देऊन कागदाऐवजी पीडीएफ मागितली. मग फाइल स्वतःलाच मेल करून मोबाइलवर उघडली. शेवटी तिनं संगणक बंद करून परत चालू केला.

"याचा काही उपयोग होतो का?" काकांनी विचारलं.

"नाही, पण ऑफिसात सगळे करतात."

साडेअकरा वाजले. आतल्या खोलीतून फोनचा आवाज येतोय का, तिकडे काकांचा एक कान होताच. अजून तरी शांतता होती.

"ही सगळी बारीक टिंबं आणि खुणा बंद करू का?" सुनेनं पडद्याकडे बोट केलं. काकांच्या पडद्यावर प्रत्येक रिकाम्या जागी एक टिंब दिसे आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक खूण. दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा पडल्या तर कळायला नको का, म्हणून काकांनी ती सोय कायमची चालू ठेवली होती. "डोळ्यांना त्रास होतोय नुसता. त्यात मराठी म्हटलं की हा संगणक निम्म्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा मारतो. कशाखाली काय आहे ते कळतच नाही."

"टिंबांना हात लावू नकोस. त्यांच्याशिवाय मला दिसत नाही," काका म्हणाले. लाल रेघा मारणाऱ्या त्या संगणकाचा त्यांना मनापासून राग होता. एकही शब्द न कळता दिवसभर चुका काढत बसणारा सहकारी त्यांना छापखान्यातही भेटला होता.

छापखान्याची आठवण आली आणि काका सरळ बसले.

"तू यंत्राला विचारू नकोस. आपण वाचूया. आमच्याकडे दोघं बसायचे. एकानं छापलेलं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून बघायचं. जे गळलं ते सापडतंच."

सूनबाईंनी घड्याळाकडे बघितलं, सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कागद उचलले. ती वाचत होती, काकांचं बोट पडद्यावर सरकत होतं.

"थांब," काका म्हणाले. नाकाचं वाक्य. खाली ठिपके.

सातव्या पानावर परत, "थांब." 'भीती वाटते त्यांनी खुशाल पायऱ्यांवर बसावं. बसून बसून कंटाळा आला की आपसूक पाण्यात उतराल, माझा अनुभव आहे.' खाली ठिपके.

अकराव्या पानावर एक. पंधराव्या पानावर दोन. सगळ्यांखाली ठिपके. ज्या ओळींना ठिपके नव्हते त्यांच्यातली वेलांटीसुद्धा गळली नव्हती. सोळाव्या पानावर काकांचं बोट थांबलं, पण ते "थांब" म्हणाले नाहीत. सून दोन वाक्यं तशीच पुढे वाचत गेली.

"बाबा?"

काकांनी बोट पडद्यावरून काढून घेतलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, संगणकाचा दोष म्हणून निभावलं असतं. पण चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. स्वतःची असली तरी.

"हे ठिपके मी दिलेत," ते म्हणाले, आणि डायरी काढून त्यांनी तीन कळांचं पान सुनेपुढे धरलं.

सुनेनं पान वाचलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं काकांना न विचारताच वरचं एक बटण दाबलं. रिकाम्या जागांमधली टिंबं गेली, परिच्छेदांच्या खुणा गेल्या आणि त्यांच्याबरोबर नाकाचं वाक्यही गेलं. खालचं वाक्य निमूटपणे वर सरकलं. तिनं परत बटण दाबलं, वाक्य परत आलं.

"या कळांनी मजकूर लपतो, बाबा. छापताना तो येतच नाही. तुम्ही तुमच्या खुणा सतत चालू ठेवता म्हणून तुम्हाला लपलेलाही दिसत होता, खाली ठिपक्यांसकट. माझ्या ऑफिसातल्या पडद्यावर तर तो नव्हताच, मग मला कळणार कसं?"

"म्हणजे मी स्वतःच्या हातानं..." काका म्हणाले. ज्या ओळींना कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी एवढा आटापिटा केला, नेमक्या त्याच त्यांनी एक एक करून वगळल्या होत्या. तेही इतक्या काळजीनं की एकही सुटली नव्हती.

"कशासाठी दिलेत ठिपके?"

प्रश्न सुनेचा नव्हता. बाई दारात उभ्या होत्या. हसण्याचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या असाव्यात. त्यांच्या हातात फोन होता, पण तो लावलेला नव्हता.

काकांनी सांगितलं. छापखान्यातली रीत सांगितली, खोडलेल्या शब्दाखालचे ठिपके सांगितले. "मी पूर्वीचा असतो तर या ओळी कापल्या असत्या," ते म्हणाले. "नियमानं त्या बसत नाहीत. पण त्या काढल्या तर उरेल ते कुणीही लिहिलं असतं. म्हणून ठिपके. या तशाच राहायला हव्यात, कुणी हात लावायचा नाही, एवढंच."

बाई पुढे आल्या. त्यांनी काकांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि पान खाली सरकवायला लागल्या. ठिपके असलेली ओळ आली की थांबायच्या, वाचायच्या, पुढे जायच्या. काका बाजूला हात बांधून उभे राहिले. पस्तीस वर्षांत असंख्य लेखक त्यांच्या टेबलाशी असेच उभे राहिले असतील, आणि ते काय भोगत असतील हे काकांना त्या दिवशी समजलं.

बावन्नाव्या पानावर बाई बराच वेळ थांबल्या. तिथं लिहिलं होतं, 'माझ्या घरी एक माणूस आहे. तो तीस वर्षं काठावर कागद वाचत बसतो. त्याला मी कधी पाण्यात ओढलं नाही. काठावर आपलं कुणी बसलेलं असलं की पोहणाऱ्याला बरं वाटतं.' चारही वाक्यांखाली ठिपके होते.

"मला वाटलं, हे वाचून तुम्हाला राग आला," बाई म्हणाल्या. "म्हणून सगळ्यात आधी हेच काढलं असेल."

"याला तर मी ठिपके दोनदा द्यायला गेलो होतो. दुसऱ्यांदा दिले की पहिले जातात, म्हणून तिसऱ्यांदा दिले."

सूनबाईंना अचानक चहाची आठवण झाली आणि ती स्वयंपाकघरात गेली. परत आली ती पाच मिनिटांनी, कपांशिवाय. तिनं सगळा मजकूर एकदम निवडला, तो लपवणारी खूण काढून टाकली आणि पीडीएफ केली. पानं चौसष्ट. या वेळी मोठ्यानं बाईंनी वाचलं आणि पडद्यावर बोट काकांनी ठेवलं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. दोघांनी आजवर एवढा वेळ एकत्र काही वाचलं नव्हतं. दोनला दहा कमी असताना फाइल छापखान्याकडे गेली आणि तिघांचाही जीव भांड्यात पडला.

पुस्तिका दहा दिवसांनी आल्या. निळं मुखपृष्ठ, आत चौसष्ट पानं, नाकाचं वाक्य तिसऱ्या पानावर. ठिपके अर्थातच कुठे नव्हते. काकांनी पहिली प्रत उघडली, हातात पेन न घेता वाचली आणि मिटून ठेवली. तलावावर त्या संध्याकाळी नव्या शिकवणीचा पहिला दिवस होता. गठ्ठा उचलायच्या आधी बाईंनी कपाटातून एक जुना लिफाफा काढला आणि काकांच्या टेबलावर ठेवला. शेजारी एक टोक केलेली पेन्सिल ठेवली.

"हे तेवढं बघून ठेवा," त्या म्हणाल्या, "मी खाली आहे."

लिफाफ्यात ते पत्र होतं. घड्यांवर कागद विरला होता, पण लाल शाई काही फिकी पडली नव्हती. काकांनी पत्र उलगडलं आणि पहिल्यांदा बाईंच्या अक्षराऐवजी स्वतःच्या खुणाच वाचल्या. अकराच्या अकरा. 'बहुतेक' खोडला होता. 'म्हणजे मला तरी असं वाटतं' हे पाच शब्द खोडले होते. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, 'लवकर या, लवकर या.' त्यातल्या दुसऱ्यावर काट मारून त्यांनी समासात लिहिलं होतं, 'अनावश्यक'.

त्यांनी पेन्सिल उचलली. एका खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ठिपके एका ओळीत पडत नव्हते, पण त्यांनी एकही पुसला नाही. अकरावे ठिपके देऊन झाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायलाही त्यांनी घाई केली नाही. मग काठावर वाचायला म्हणून पुस्तिकेची एक प्रत त्यांनी बगलेत घेतली.

खालून, जिन्यातून बाईंची हाक आली. "येताय ना? लवकर या."

काका दारात चपला घालून तयार होते. तरी ते मुद्दाम थोडे थांबले.

"अहो, लवकर या," बाई पुन्हा म्हणाल्या.

मग ते जिना उतरायला लागले.